ताप उतरल्यावर

सत्कार असो, गणेशोत्सवातला कार्यक्रम असो की एखाद्या कॉलेजचं स्नेहसंमेलन, माझी ओळख करून देणारा माणूस एक गोष्ट हमखास सांगतो. "डेंग्यूनं फणफणलेल्या असताना या ताईंनी आकाशवाणीची स्वरचाचणी दिली आणि पास झाल्या. याला म्हणतात जिद्द!" टाळ्या पडतात. पुढच्या रांगेतल्या आया शेजारी बसलेल्या पोरींना कोपरानं ढोसतात. मी हात जोडते आणि तानपुरा जुळवायला घेते, कारण मला गायला बोलावलेलं असतं, बोलायला नाही. पण ही गोष्ट अशी सांगितली जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून एकदा ती सगळी लिहून काढते आहे.

मुळात मी त्या दिवशी फणफणलेली नव्हते. ताप निघायच्या आधीच उतरला होता. अंग गार पडलं होतं, कपाळाला घाम होता, आईनं देवापुढं साखर ठेवली होती. डेंग्यू ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांच्या पोटात हे वाचूनच गोळा येईल. ताप असतो तोवर माणूस तळमळतो, अंग मोडून येतं, डोळ्यांच्या मागे ठणकतं. पण खरा धोका बहुतेकदा ताप उतरताना सुरू होतो, आजाराच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपून पोटात, फुप्फुसाभोवती साठतो आणि आत उरलेलं रक्त घट्ट होत जातं. सगळ्यांनाच असं होत नाही. बरेच जण आठवडाभरात हिंडूफिरू लागतात. ज्यांना होतं, त्यांचा पुढचा दीड-दोन दिवसांचा काळ फार नाजूक असतो. आणि नेमकं त्याच वेळी घरातली माणसं "गेला बाई ताप एकदाचा" म्हणून आपापल्या कामाला लागतात.

हा डेंग्यू आमच्या घरात आला कुठून, तेही सांगायला हवं, कारण लातूरच्या पाण्याशी त्याचा थेट संबंध आहे. आमचं शहर मांजरा नदीवरच्या धनेगावच्या धरणावर जगतं. २०१६ च्या उन्हाळ्यात ते धरण आटलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. आधी १० वाघिणींची गाडी, पुढं ५० वाघिणींची, एका खेपेला २५ लाख लिटर. देशभरच्या वाहिन्यांनी ती गाडी दाखवली. पाऊस पडला, गाडी थांबली, पण त्या उन्हाळ्यानं जिवाला लावलेला घोर काही थांबला नाही. नळ येतो तो आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी. आला की घरातलं जे जे म्हणून पोकळ आहे ते भरून ठेवायचं. हौद, टिपाडं, निळे ड्रम, घागरी, पातेली, अगदी जुना कुकरसुद्धा. धरण भरलेलं असलं तरी भरायचं. तहान एकदा भोगलेल्या माणसाला धरणाच्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

डेंग्यूचा डास, एडिस इजिप्ती, गटारीत वाढत नाही. त्याला असंच स्वच्छ, साठवलेलं, सावलीतलं पाणी लागतं. मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते, आणि पाणी संपून भांडं कोरडं झालं तरी ती अंडी कित्येक महिने टिकतात. म्हणून आरोग्य खातं सांगतं, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, भांडी घासून-पुसून वाळवा. घंटागाडीच्या भोंग्यावर आम्ही ते रोज ऐकतो. सल्ला शंभर टक्के खरा आहे. फक्त ज्या घरात नळ दहाव्या दिवशी येतो तिथं आठव्या दिवशी टिपाड ओतून मोकळं कुणी करायचं?

आमच्या गल्लीतल्या आशाताई बॅटरी घेऊन घरोघर फिरायच्या. आमच्या टिपाडात उजेड मारून त्या आईला म्हणाल्या होत्या, "वैनी, ह्यात वळवळायलंय बघा. वता हे."

आई म्हणाली, "वतते की. मंग प्यावं काय?"

दोघीही बराच वेळ टिपाडाकडं बघत उभ्या राहिल्या. मग आशाताईंनी आईचं जुनं लुगडं मागून घेतलं, दुहेरी करून त्यातून पाणी गाळलं, टिपाड घासलं आणि तेच पाणी परत भरून फडकं बांधून दिलं. असं त्यांनी किती घरी केलं असेल, देव जाणे. पण डास घर बघून थांबत नाही. शेजारच्या बंद घराच्या गच्चीवरची टाकी कुणी उघडून बघायची?

तर मला डेंग्यू झाला. तपासणीत निघाला. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल सोडून दुसरी कुठलीही तापाची किंवा अंगदुखीची गोळी घ्यायची नाही असं बजावलं, कारण त्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. रोज रक्त तपासायचं, भरपूर पाणी-सरबत प्यायचं, आणि पोटात दुखलं, सारखी उलटी झाली, हिरड्यांतून रक्त आलं किंवा फार सुस्ती आली तर तडक भरती व्हायचं. घरात पपईच्या पानांचा रस सुरू झाला होता. तो इतका कडू की त्यानंतर पाणीसुद्धा गोड लागायचं.

आणि देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात स्वरचाचणीला बोलावणारं आकाशवाणीचं पत्र होतं.

त्या पत्राचं आमच्याकडं काय वजन असतं, ते पुण्या-मुंबईच्या माणसाला चटकन कळणार नाही. तिकडं गाणाऱ्यासाठी सभा आहेत, मंडळं आहेत, गुरूच्या घरच्या बैठका आहेत. लातूरला, परभणीला, हिंगोलीला गाणारी मुलगी घरोघर शिकवण्या घेते, शाळेत स्वागतगीतं बसवते, हरिनाम सप्ताहात भजनाला बसते. गाणं हा तिचा उद्योग आहे असं कुणी धरतच नाही. नावापुढं 'आकाशवाणी मान्यताप्राप्त' ही दोन अक्षरं लागली की तीच मुलगी एकदम गायिका होते. बोलावणारा मानधनाचं पाकीट आणतो. सासरचे लोकही ऐकून घेतात.

हे शेवटचं मी मुद्दाम लिहिते. घरात स्थळं बघणं सुरू झालं होतं. आण्णा वाईट नव्हते, गाण्याच्या आड कधी आले नाहीत. त्यांचंच भजनी मंडळ, त्यांच्याच मांडीवर मी पेटीचे पडदे ओळखले. पण त्यांनी एकदा सरळ सांगितलं होतं, "बाळा, पोरीला गाऊ द्या म्हणून मी त्यांच्याम्होरं कशाच्या जोरावर बोलू? कागद पायजे." तो कागद म्हणजे चाचणी पास झाल्यावर मिळणारी आकाशवाणीची ग्रेड. तारीख गेली तर पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा वाट बघायची, आणि तोवर लग्न ठरून गेलेलं असणार. हे मला ताप होता तेव्हाही स्वच्छ कळत होतं.

आशाताई निघायच्या आदल्या संध्याकाळी आल्या. त्यांनी माझ्या पायाचे तळवे हातात धरून बघितले. गार होते. म्हणाल्या, "ताप गेला म्हनून उठायलीस का? आता तर खरं जपायचंय. दोन दिस कुठं जाऊ नको." मी त्यांना पत्र दाखवलं. त्यांनी ते वाचलं, घडी घालून परत दिलं, आणि पुढं काही बोलल्या नाहीत. जाताना मामांना जलसंजीवनीच्या, म्हणजे मीठ-साखरेच्या, पुड्या देऊन गेल्या आणि कोणत्या खुणा दिसल्या की गाडी सोडून दवाखाना गाठायचा ते त्यांच्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

मला म्हणूनच ते 'जिद्द' वगैरे ऐकवत नाही. धोका माहीत होता. तो का पत्करला त्याचा हिशेब वर मांडला आहे. त्यात शौर्याचा भाग मला तरी कुठं दिसत नाही.

आण्णा आडतीवर मुनीम. सोयाबीनची आवक जोरात होती, मार्केट यार्डातून त्यांना हलता येण्यासारखं नव्हतं. मामा सोबत आले. ते मंडळात पखवाज वाजवतात. अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई, असा तो एसटीचा रस्ता. चाचणी होती आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या केंद्रावर. औरंगाबाद म्हणायचं तेव्हा. अंबाजोगाईच्या स्टँडवर मामांनी योगेश्वरीच्या दिशेनं हात जोडले. मुकुंदराज आणि दासोपंतांचं ते गाव मला फार आवडतं, एरवी मी खिडकीतून डोकं काढून बघते. त्या दिवशी मी मामांच्या खांद्यावर डोकं ठेवून मनातल्या मनात भैरव रागाचा ऋषभ, म्हणजे 'रे', लावत होते. एवढंच आठवतं.

स्वरचाचणीची ही पद्धत फार जुनी. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या खात्यावर राहिले. शास्त्रीय संगीताला रेडिओवर मानाचं स्थान मिळालं पाहिजे असा त्यांचा ध्यास होता, आणि गाणाऱ्यांची निवड ओळखीपाळखीवर न होता परीक्षेनं व्हावी असा आग्रह. श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांसारखे पंडित परीक्षक मंडळावर आले. दरबारांत आयुष्य घालवलेल्या उस्तादांना ही परीक्षा अपमानाची वाटली, वादही बरेच झाले. त्यांची बाजू मला समजते. पण ऐकणाऱ्यानं गाणाऱ्याला न बघता ऐकायचं, नाव-गाव न कळता निवाडा करायचा, हे त्यातलं तत्त्व माझ्यासारखीला केवढं आधाराचं आहे! माझं घराणं नाही, आडनावाला वजन नाही, बोलण्यात मराठवाडी हेल आहे. आवाज तेवढा जातो आत. बी, बी हाय, ए आणि टॉप अशा पायऱ्या आहेत, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवायला कुणाची चिठ्ठी लागत नाही.

आता याच पद्धतीची दुसरी बाजू बघा. ऐकणाऱ्याला माझी जात दिसत नाही, साडी दिसत नाही, तसा माझा आजारही दिसत नाही. दिसू नयेच. आजारी आहे म्हणून कुणी मला दोन गुण जास्त द्यावेत असं मी कधीच म्हणणार नाही. पण तेवढ्याचसाठी गाणारा निदान धडधाकट असताना त्या मायक्रोफोनपुढं बसावा, एवढी सोय बाहेरच्या जगात हवी. घरात हवी, गावात हवी.

स्टुडिओचं जाड दार लागलं आणि कानात दडा बसल्यासारखं झालं. बाहेरचा एकही आवाज नाही. गालिच्यावर बसले. गारवा असा होता की पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. तरी दात वाजत होते. साथीला केंद्रावरचेच तबलजी होते, वयानं मामांएवढे. मी नेहमी काळी चार या पट्टीत गाते. त्या दिवशी षड्ज लावून बघितला तर गळा तिथं उभाच राहीना. मी म्हटलं, "काका, पांढरी पाच करता येईल?" त्यांनी माझ्याकडं एकदा नीट बघितलं. का म्हणून विचारलं नाही. हातोडी उचलली, गठ्ठे वर सारत, गजऱ्यावर हलके ठोके देत त्यांनी तबला अर्ध्या सुरानं उतरवला आणि शाई पुसून म्हणाले, "ताई, घाई नका करू. ठेका मी धरून ठेवतो, तुम्ही दमादमानं या."

सकाळची वेळ, म्हणून मी भैरव निवडला होता. विलंबित एकताल. भैरवात कोमल ऋषभ आणि कोमल धैवत स्थिर लावायचे नसतात, त्यांना आंदोलन द्यायचं असतं. सूर हलकेच झुलला पाहिजे पण ढळता कामा नये. त्यासाठी श्वास पोटातून, सलग आणि शांत सुटावा लागतो. माझ्या गाण्याच्या बाईंनी हा एक ऋषभ माझ्याकडून अख्खा पावसाळा घोटून घेतला होता. त्या दिवशी तो ऋषभ लावला आणि तो झुलला. पण मी झुलवते आहे की अंगातली थरथर त्याला हलवते आहे, हे मला कळेना. मी गाणं चालू ठेवून त्याच्याकडं कान लावून बसले. आंदोलन एका लयीत असतं, थरथरीला लय नसते. मी ती थरथर लयीत आणायचा प्रयत्न केला. काही वेळा आली, काही वेळा निसटली.

श्वास मात्र पुरेना. एरवी दीड ओळ ज्या दमात जाते, तिथं अर्ध्यावरच संपायचा. खोल श्वास घेतला की उजव्या बरगडीखाली चमक यायची. भाता फाटलेल्या पेटीसारखी गत झाली होती, हात चालतोय आणि वारा भलतीकडूनच जातोय. मग मी आलापी तोडून घेतली. दोन सूर, थांबा. तीन सूर, थांबा. थांबले की तानपुरा ऐकू यायचा. काकांचा ठेका जागचा हलत नव्हता. मी कुठंही रेंगाळले तरी समेचा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेचा, 'धिं' माझी वाट बघत असायचा. माणसानं माणसाला दिलेला असा आधार मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. त्यांचं नावसुद्धा मी विचारलं नाही. विचारायचं त्राण नव्हतं.

अर्जात दिलेल्या रागांच्या यादीतून दुसरा राग परीक्षक सांगतात. काचेपलीकडून आवाज आला, "बागेश्री." मला हायसं वाटलं. बागेश्री मंद्र धैवत-निषादावरून षड्जाला आणि तिथून मध्यमावर येते. खालच्या सुरांना माझ्याकडं अजून बळ होतं. तार षड्जापर्यंत मी एकदाच गेले, तिथं थांबले नाही, लगेच उतरले. वेळ संपल्याची खूण झाली तेव्हा मला उठता येईना. काकांनी हात दिला. बाहेरच्या बेसिनवर चूळ भरली तर पाणी गुलाबी होऊन वाहिलं. जीभ फिरवून बघितली, हिरड्या ओल्या होत्या. मामांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहवेना.

परतीच्या गाडीत बसायलाच नको होतं असं सगळे म्हणतात. पण परक्या गावात माझं काही झालं तर या भीतीनं मामांनी घराचा रस्ता धरला, आणि मी मामांना कधीच बोल लावणार नाही. गेवराईपासून पोटात कळा सुरू झाल्या, उलट्या थांबेनात. आशाताईंनी घोकून घेतलेल्या खुणा मामांच्या ध्यानात होत्या. बीडला त्यांनी कंडक्टरला सांगून गाडी थांबवली आणि मला उचलून सरकारी दवाखान्यात नेलं. प्लेटलेट निरोगी माणसात दीड लाखाच्या वर असतात, माझ्या वीस हजारांच्या खाली गेल्या होत्या. रक्त घट्ट झालं होतं. सोनोग्राफीत उजव्या फुप्फुसाच्या भोवती पाणी दिसलं. श्वास का पुरत नव्हता ते तिथं कळलं. तिथल्या तरुण डॉक्टरबाई रात्रभर दर थोड्या वेळानं येऊन सलाईनचा वेग बदलत होत्या. कमी पडलं तर रक्तदाब कोसळतो, जास्त झालं तर तेच पाणी फुप्फुसात चढतं. त्यांनी एवढंच विचारलं, "यावर गायलात तुम्ही?" मी मान हलवली. त्यांनी कौतुक केलं नाही. माझ्या उशाशी बसून नाडी मोजत राहिल्या. त्यांच्या त्या न बोलण्याबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते.

बी ग्रेड आली. कागद आला. लग्न ठरताना आण्णांनी तो पुढं ठेवला आणि बोलायचं ते बोलले. मी आज गाते आहे ती त्या कागदाच्या बळावर, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण आपल्याकडं या प्रकारच्या गोष्टी सांगण्याची एक रीत पडली आहे, तिच्याशी माझं भांडण आहे. मराठी माणूस लहानपणापासून ऐकतो की १९११ साली नव्या नाटकाच्या पहिल्याच प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली, आणि तरी ते रंगभूमीवर उभे राहिले. रसिकांना जोडलेले ते हात मीही मनात आणते तेव्हा डोळे भरून येतात. बालगंधर्वांबद्दल मला वावगा शब्द काढायचा नाही. मात्र ही गोष्ट सांगणारा नेहमी प्रयोगापाशी थांबतो. त्या मुलीला आईही होती. ती रात्र तिची कशी गेली असेल, याची ओळ गोष्टीत नसते. पुढच्या पिढ्यांना त्यातून एवढंच शिकवलं जातं की काही झालं तरी उभं राहायचं असतं. आणि मग तापानं थरथरणारी कीर्तनकाराची पोरगी उभी राहते, कावीळ झालेला ढोलकीवाला उभा राहतो. पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी आदल्या रात्री फलाटावर झोपून, उपाशीपोटी पोरं धावतात. त्यातलं एखादं कोसळलं की बातमी येते आणि लोक हळहळतात. कोसळलं नाही की सत्कार.

कुमार गंधर्वांची गोष्ट मात्र कुणी या चालीवर सांगत नाही. क्षयानं त्यांना गाठलं तेव्हा त्यांचं नाव देशभर झालेलं होतं, वय जेमतेम तेवीस-चोवीस. १९४८ च्या सुरुवातीला ते देवासला हवापालटासाठी गेले आणि डॉक्टरांनी गाणं बंद करायला लावलं. जवळपास पाच वर्षं ते गायले नाहीत. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची, रस्त्यानं जाणाऱ्यांची गाणी ऐकत राहिले. नवी औषधं आली, गुण आला, आणि १९५३ च्या सुमारास ते परत गायला लागले. ते गाणं किती निराळं होतं हे आपण सगळे जाणतो. छोट्या दमाचे, विजेसारखे येऊन जाणारे ते स्वरसमूह ऐकले की मला माझा तोडलेला भैरव आठवतो. तुलना करायची माझी पात्रता नाही, पण आठवतो खरा. मला त्या पाच वर्षांतलं सगळ्यात मोठं काय वाटतं सांगू? ते थांबू शकले. कारण पत्नी भानुमतीबाई होत्या. त्या शाळेत नोकरी करत होत्या, शुश्रूषा करत होत्या, घर चालवत होत्या. गाणाऱ्याला गप्प बसता यावं यासाठी कुणीतरी दुसऱ्यानं राबावं लागतं. त्या राबण्याला टाळ्या मिळत नाहीत.

आमच्या घरी आण्णा आडतीवरून सुटू शकत नव्हते, आई पाण्याच्या पाळीत अडकलेली, आणि लग्नाच्या बोलणीला थांब म्हणणारं कुणी नव्हतं. जिद्दीनं उभं राहण्याची गोष्ट सांगणाऱ्यांनी हे तिन्ही सांगावं. टिपाडातल्या पाण्यासकट सांगावं.

हे सगळं आता लिहायचं कारण माझ्या क्लासातली एक मुलगी. सातवीपासून माझ्याकडं आहे, गळा माझ्याहून कितीतरी सरस. या वर्षी तिची एका मोठ्या शिष्यवृत्तीची निवड चाचणी होती. आठ दिवस आधी तिला टायफॉइड निघाला. टायफॉइडमध्ये ताप पायरीपायरीनं चढत जातो आणि आतड्याला व्रण पडतात. दुर्लक्ष झालं तर पुढं आतड्याला भोकही पडू शकतं. डॉक्टर अंथरूण सोडू नको म्हणाले होते. मी आयोजकांना फोन केला, अर्ज पाठवला, दाखला जोडला. तारीख बदलून मिळाली नाही. तेव्हा मी तिच्या घरी जाऊन सांगितलं, हिला पाठवू नका.

तिची आई धुणंभांडी करून तिची फी भरते. दारातच उभी राहून ती मला म्हणाली, "तुमी तर गेला होता की, मॅडम. समद्यास्नी सांगायलेत तुमची गोष्ट. मंग माझ्या लेकीलाच कामून अडवायलात?"

मी आत जाऊन बसले आणि तिला बीडच्या त्या रात्रीचं सगळं सांगितलं. हिरड्यांचं, फुप्फुसाभोवतीच्या पाण्याचं, सलाईनचं. तिनं ऐकून घेतलं. मुलगी गेली नाही. पण बाईंच्या मनातली अढी गेलेली नाही. पोरीला क्लासला सोडायला येतात तेव्हा फाटकातूनच परततात. त्यांचा राग मला समजतो, आणि त्यांनी तो लगेच सोडावा अशी माझी अपेक्षाही नाही. जे हातात होतं ते सोडून द्यायला मी सांगितलं, आणि बदल्यात देण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या चाचणीचा अर्ज निघाला की भरायचा, त्याचे पैसे मी बाजूला काढून ठेवलेत. तोवर तिच्याकडून मुलतानी राग करून घेते आहे. अजून अशक्तपणा आहे, म्हणून अर्धाच तास बसवते. ती चिडते, अजून गाऊ द्या म्हणते. मी तानपुरा बंद करते आणि तिला आधी जेवायला बसवते.